डिस्चार्ज दहाला, पेशंट घरी पाचला: रुग्णालयातला बदल नेमका कुठे अडतो?

सकाळी दहाच्या राउंडला डॉक्टर म्हणतात, "आज घरी जायला हरकत नाही." पेशंट कपडे बदलतो, पिशवी भरतो आणि पलंगावर बसून राहतो. गेटबाहेर पडतो तो संध्याकाळी पाचला. मधल्या सात तासांत त्याच्यावर कुठलाच उपचार झालेला नसतो. खाली इमर्जन्सीत मात्र त्याच पलंगासाठी दुसरा कुणीतरी ट्रॉलीवर ताटकळत असतो.

यावर व्यवस्थापनाचा ठरलेला उपाय म्हणजे परिपत्रक. 'डिस्चार्जची प्रक्रिया दोन तासांत पूर्ण झालीच पाहिजे, कसूर करणाऱ्यांवर कारवाई होईल.' आठवडाभर धावपळ होते आणि मग गाडी पुन्हा जुन्या रुळावर येते. याचा अर्थ कर्मचारी ऐकत नाहीत असा लावला जातो. खरं कारण वेगळं असतं: त्या सात तासांत रिकामं कुणीच बसलेलं नसतं. फाइल थांबलेली असते, माणसं नाही.

हा फरक ध्यानात आला की रुग्णालयातल्या गुणवत्तासुधारणेचा निम्मा विषय समजला. म्हणून हेच उदाहरण धरून पुढे जाऊ. ते साधं दिसतं, पण डॉक्टर, नर्सिंग, फार्मसी, बिलिंग, हाउसकीपिंग अशा सगळ्यांना छेदून जातं आणि बदल अडतो तो नेमका अशाच सांध्यांवर.

आधी फाइलच्या मागे चाला

कमिटी नेमण्याआधी एक माणूस, एक घड्याळ आणि एक कागद पुरे. दहा पेशंट निवडा. सगळे सोमवारचे नकोत, एक-दोन रविवारचे असू द्या. प्रत्येकासाठी या वेळा टिपा: डॉक्टरांनी तोंडी सांगितलं, केसपेपरवर लिहिलं, डिस्चार्ज कार्ड लिहायला घेतलं, त्यावर सही झाली, उरलेली औषधं फार्मसीत परत गेली, बिल तयार झालं, पैसे भरले किंवा विम्याची मंजुरी आली, औषधं समजावून सांगितली, पेशंट निघाला, पलंग स्वच्छ झाला. या वेळा नंतर विचारून भरायच्या नाहीत. विचारल्यावर माणसं काय व्हायला हवं ते सांगतात, काय होतं ते नाही. त्यांचा हेतू वाईट नसतो, आठवण तशीच असते.

मग प्रत्येक टप्प्यासमोर दोन आकडे लिहा: कामाला लागलेला वेळ आणि वाट बघण्यात गेलेला वेळ. समजा सात तासांपैकी, म्हणजे 420 मिनिटांपैकी, प्रत्यक्ष काम 70 मिनिटांचं निघालं. उरलेली 350 मिनिटं फाइल कुठल्यातरी टेबलावर पडून होती. 'भराभर हात चालवा' ही सूचना त्या 70 मिनिटांना लागू होते. सगळ्यांनी दुप्पट वेगानं काम केलं तरी वाचणार 35 मिनिटं, आणि घाईत डिस्चार्ज कार्डावर औषधाचा डोस चुकायचा तो वेगळाच.

350 मिनिटांचं कारण बहुतेक ठिकाणी 'ढीग' हे असतं. निवासी डॉक्टर राउंड पूर्ण संपल्यावर सगळी कार्डं एकदम लिहायला बसतात. मग बारा फाइली एकाच वेळी बिलिंगला पोचतात, तीही जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. वॉर्डबॉय औषधं परत करायला दिवसातून एकदाच जातो, कारण प्रत्येक पेशंटमागे एक फेरी त्याला परवडत नाही. सही करणारे वरिष्ठ डॉक्टर तीनपर्यंत ऑपरेशन थिएटरमध्ये. यातला एकही जण चुकत नाही. प्रत्येकानं आपापल्या सोयीची व्यवस्था लावलेली आहे. पेशंटच्या सोयीची व्यवस्था लावणं मात्र कुणाचंच काम नाही.

'सुधारणा करू' हे ध्येय नव्हे

अमेरिकेत 1990 च्या दशकात रूढ झालेली एक पद्धत जगभरच्या रुग्णालयांत वापरली जाते. तिच्यात तीन प्रश्न आहेत. काय साधायचंय? बदल झाला तो चांगला झाला हे कशावरून कळेल? कोणता बदल करून बघायचा? गंमत म्हणजे बहुतेक बैठका तिसऱ्या प्रश्नापासून सुरू होतात. कुणाला सॉफ्टवेअर हवं असतं, कुणाला दोन माणसं जास्तीची.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं लिहावं: 'मेडिसिन वॉर्डात तोंडी डिस्चार्ज ते पेशंट निघणं हा मध्यक वेळ 12 आठवड्यांत 7 तासांवरून 4 तासांवर आणायचा.' त्यात कुठे, किती आणि कधीपर्यंत हे सगळं आलं. मध्यक म्हणजे सगळ्या वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत लावल्यावर मधोमध येणारी वेळ. इथे सरासरीऐवजी तो मुद्दाम घेतलाय. नऊ पेशंट तीन-तीन तासांत गेले आणि एकाच्या घरून गाडी न आल्यानं त्याला तेरा तास लागले, तर सरासरी चार तास येते. तेवढा वेळ प्रत्यक्षात एकालाही लागलेला नसतो. मध्यक तीनच सांगतो आणि ते खरं चित्र आहे. तो तेरा तासांचा पेशंट सोडून द्यायचा नाही, त्याची चौकशी वेगळी करायची.

दुसऱ्या प्रश्नाला तीन मापं लागतात. डिस्चार्जचा एकूण वेळ हे निकालाचं माप. आदल्या संध्याकाळी किती कार्डं लिहून तयार होती हे प्रक्रियेचं. तिसरं माप सगळ्यात जास्त विसरलं जातं: एक बाजू सावरताना दुसरी ढासळत तर नाही ना, हे बघणारं. आपल्या उदाहरणात, घरी गेलेले किती पेशंट सात दिवसांत परत भरती झाले आणि कितीजणांनी फोन करून 'ही गोळी कधी घ्यायची' असं विचारलं. डिस्चार्ज लवकर व्हायला लागला आणि हे आकडे वाढले, तर आपण फक्त त्रास घरी पाठवला.

हे माप नसलं की काय होतं, ते इंग्लंडमधल्या इमर्जन्सी विभागांनी दाखवलंय. चार तासांच्या आत पेशंटचा निर्णय लागलाच पाहिजे, असं लक्ष्य तिथे 2000 च्या दशकात आलं. प्रतीक्षा घटली, हे खरंच. पण पेशंट विभागातून कधी बाहेर पडतात याचा आलेख काढला तर चार तास भरायच्या अगदी आधीच्या मिनिटांत उंच सुळका दिसायचा. कितीतरी निर्णय आजार बघून नाही, घड्याळ बघून होत होते.

एक वॉर्ड नको, एक पेशंट घ्या

आता कल्पना अशी: ज्यांना उद्या घरी सोडण्याची शक्यता आहे त्यांची कार्डं आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवायची. सकाळी फक्त शेवटच्या तपासण्या भरून सही. पटण्यासारखी कल्पना आहे. इथेच मोह होतो की सगळ्या रुग्णालयाला पत्र काढावं, प्रशिक्षण घ्यावं, सोमवारपासून लागू करावं.

त्याऐवजी उद्या, एका वॉर्डात, एका तयार असलेल्या डॉक्टरबरोबर, एकाच पेशंटवर करून बघा. करण्याआधी अंदाज लिहा: 'कार्डाला संध्याकाळी 15 मिनिटं लागतील, सकाळी पाच. पेशंट एकच्या आत निघेल.' अंदाज लिहिण्याची ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. पण शिकणं तिथेच असतं, कारण अंदाज चुकला की नेमकं काय माहीत नव्हतं ते कळतं. समजा कार्ड आठ वाजताच तयार होतं आणि पेशंट तरीही तीनला निघाला. मग कळलं की सकाळच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट बाराशिवाय येत नाही. म्हणजे पुढची चाचणी: डिस्चार्जच्या पेशंटचं रक्त इतरांच्या आधी घ्यायचं आणि नळीवर वेगळी खूण करायची. मग तीन पेशंट, मग पाच, मग रविवारी, मग रात्रपाळीला नवखे डॉक्टर असताना. योजना, कृती, अभ्यास, बदल असं हे चक्र आहे. त्याची मुळं वॉल्टर श्युहार्ट आणि एडवर्ड्स डेमिंग या अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञांच्या कारखान्यांतल्या कामात आहेत.

चाचणी लहान ठेवण्याचा आणखी एक फायदा राजकीय आहे, आणि तो कमी महत्त्वाचा नाही. 'कायमचं बदलतोय' म्हटलं की माणसं लढायला उभी राहतात. 'उद्या एका पेशंटवर बघूया, नाही जमलं तर सोडून देऊ' याला नाही म्हणणं अवघड असतं.

विरोधाचं काय करायचं

विरोध करणाऱ्याला 'निगेटिव्ह' म्हणून बाजूला सारलं की सगळ्यात उपयोगी माहिती हातची जाते. ज्येष्ठ सिस्टर म्हणतात, "हे चालणार नाही," तेव्हा विचारायचं, "कुठल्या वेळेला, कुठल्या पेशंटला चालणार नाही?" उत्तर बहुधा काटेकोर मिळतं: रात्री दोन सिस्टर आणि तीस पेशंट असतात, त्यात हा फॉर्म कधी भरायचा?

हे गणित खरोखर करून बघावं. नवा फॉर्म भरायला चार मिनिटं, पेशंट तीस. 120 मिनिटं झाली, म्हणजे प्रत्येक पाळीत एका सिस्टरचे दोन तास. ते कुठून येणार, हे न सांगता फॉर्म सुरू केला तर तो पाळी संपताना एका दमात भरला जातो. सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा, एकाच पेनानं, एकाच तिरकसपणात. ऑडिटला शंभर टक्के आणि पेशंटला शून्य. म्हणून एक कडक नियम चांगला: एक नवा कागद आणायचा तर एक जुना बंद करायचा. रुग्णालयांत एकच रक्तदाब तीन जागी लिहिला जातो, तेव्हा बंद करायला कागद सापडतोच.

डॉक्टरांचा विरोध वेगळ्या जातीचा असतो. पाच सर्जन, पाच पद्धती, आणि सिस्टरनं पाचही लक्षात ठेवायच्या. प्रमाणित पद्धत म्हटलं की त्यांना आपल्या निर्णयस्वातंत्र्यावर गदा वाटते. तोडगा असा निघतो: सर्वसाधारण पेशंटला ठरलेली पद्धत. वेगळं करायचं तर जरूर करा, फक्त कारण एका ओळीत लिहा. ती कारणं महिनाभर गोळा केली की कळतं की काही वेळा पद्धतच चुकलेली होती. ती दुरुस्त केली की डॉक्टरांचा तिच्यावरचा विश्वास वाढतो.

पदावरच्या प्रमुखांइतकाच आणखी एक माणूस शोधावा लागतो. अडलं की बाकीचे ज्याच्याकडे जातात तो. तक्त्यावर त्याचं नाव वरती नसतं. बहुधा ती वीस वर्षं एकाच वॉर्डात काढलेली सिस्टर असते. तिला चाचणीत पहिल्या दिवसापासून घ्यावं, उद्‍घाटनाला नव्हे.

भिंतीवरचा कागद आणि हाताशी ठेवलेली ट्रॉली

सगळे बदल सारख्या ताकदीचे नसतात. पोस्टर, सूचना, 'काळजी घ्या' असं बजावणं हे सगळ्यात दुबळे. प्रशिक्षण त्याहून बरं, पण अडचण न कळण्याची असेल तरच. हात धुवायला हवेत हे कुणाला माहीत नाही? सॅनिटायझर वीस पावलांवर असेल तर माहिती असून उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे अल्कोहोल चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात आणि साबण-पाण्यानं 40 ते 60. पाळीत कितीतरी वेळा हे करायचं असतं, तेव्हा बाटली पलंगाच्या पायथ्याशी असणं हाच मोठा बदल. त्याहून ताकदवान म्हणजे चूक करताच येणार नाही अशी रचना. पोटॅशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण चुकून सरळ शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. 'नीट लेबल वाचा' म्हणण्यापेक्षा ते वॉर्डाच्या कपाटातून काढूनच टाकणं, आणि लागेल तेव्हा सौम्य केलेलं फार्मसीतून मागवणं, हे कितीतरी पक्कं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या आयसीयूंची गोष्ट बरेचदा 'चेकलिस्टनं संसर्ग थांबवला' अशी सांगितली जाते. मोठ्या शिरेत नळी घालताना पाच गोष्टी करायच्या होत्या: हात स्वच्छ, पेशंटवर पूर्ण निर्जंतुक आच्छादन, त्वचेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक, शक्यतो जांघेतली शीर नको आणि गरज संपली की नळी काढायची. यादी एवढीच. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 103 आयसीयूंचा संसर्गाचा मध्यक दर 1000 नळी-दिवसांमागे (एका पेशंटला एक दिवस नळी असली की एक नळी-दिवस) 2.7 वरून शून्यावर आला होता. पण यादीबरोबर आणखीही काही होतं. सगळं सामान एका ट्रॉलीत एकत्र ठेवलं, त्यामुळे शोधाशोध संपली. पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार नर्सला दिला. नळी काढायची का, हा प्रश्न रोजच्या राउंडला विचारला जाऊ लागला. प्रत्येक आयसीयूला स्वतःचे संसर्गाचे आकडे नियमित मिळत होते. कागद स्वस्त होता. सिस्टरनं थांबवल्यावर वरिष्ठांनी तिच्या बाजूनं उभं राहणं, ते महाग.

ऑपरेशनच्या चेकलिस्टनं हेच दोन्ही बाजूंनी दाखवलं. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती लागू केल्यावर मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले, असं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. मग कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ती सगळीकडे आली. 2014 च्या अभ्यासात तिथल्या 101 रुग्णालयांची तुलना झाली: मृत्यू आधी 0.71 टक्के, नंतर 0.65. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं फरक नाहीच. चेकलिस्टचा वापर जवळजवळ सर्वत्र होत असल्याचं रुग्णालयांनीच कळवलं होतं. या दोन निकालांतल्या तफावतीवर बराच वाद झाला आणि त्याला कारणं अनेक असतील. पण एक गोष्ट कुठल्याही थिएटरमध्ये बघता येते. सगळे हातातलं काम थांबवून पेशंटचं नाव, ऑपरेशनची जागा, अँटिबायोटिक असं मोठ्यानं बोलतात ती चेकलिस्ट वेगळी, आणि एकजण कोपऱ्यात खुणा करतो ती वेगळी. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात.

आकड्यांशी भांडण

'मागच्या महिन्यात सहा पेशंट पडले, या महिन्यात सात. कारण काय?' असा प्रश्न बैठकीत आला की मेट्रनला कारण शोधावंच लागतं, आणि शोधलं की सापडतंच. पण मागच्या महिन्यात 1500 पेशंट-दिवस (एक पेशंट एक दिवस भरती असला की एक) होते आणि या महिन्यात 2000. 1000 पेशंट-दिवसांमागे दर 4 वरून 3.5 वर आला. म्हणजे घट झाली. आणि तीही कदाचित निव्वळ योगायोगाची.

योगायोग वेगळा काढायचा सोपा मार्ग म्हणजे वेळेनुसार ठिपके मांडणं. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर माप, मध्यकाची एक आडवी रेघ आणि बदल केला त्या दिवशी खूण. मध्यकाच्या एकाच बाजूला सलग सहा ठिपके आले तर काहीतरी खरंच हललंय असं धरतात. का सहा? नाणं उडवून सलग सहा वेळा छापाच पडायची शक्यता 64 त 1 असते. सलग पाच ठिपके चढत किंवा उतरत गेले तर तोही इशारा. दोन महिन्यांचे दोन खांब शेजारी उभे करून मात्र काहीही सिद्ध करता येतं. ठिपक्यांच्या आलेखासाठी पाचशे केसपेपर लागत नाहीत, दर आठवड्याला पाच-दहा पुरतात. फक्त दर आठवड्याला.

आणखी दोन सापळे. एक, निरीक्षक वहीपेन घेऊन उभा असला की सगळे हात धुतात. म्हणून सॅनिटायझरचा महिन्याचा खपही जोडीला बघावा. दोन, चुका कळवणाऱ्याला शिक्षा होत नाही हे पटलं की पहिल्या काही महिन्यांत नोंदलेल्या चुका वाढतात. तो आकडा बघून घाबरणारा व्यवस्थापक पुन्हा सगळं गप्प करतो.

आणि यश मिळालं तरी ते आपलंच आहे का, ते विचारावं. मिशिगनच्या धर्तीवर इंग्लंडमध्ये 2009 ते 2011 असा कार्यक्रम झाला. आयसीयूंतले संसर्ग कमी झाले, पण अजून कार्यक्रमात न आलेल्या आयसीयूंतही ते कमी होत होते. वारंच त्या दिशेचं होतं.

तीन महिन्यांनंतर

बदल सुरू करण्यापेक्षा तो सातव्या महिन्यात जिवंत ठेवणं अवघड, आणि तो मरतो ती कारणं फार साधी असतात. उत्साही डॉक्टरची बदली होते. निवासी डॉक्टरांची तुकडी बदलते आणि नव्यांना कुणी सांगतच नाही. तात्पुरता फॉर्म झेरॉक्सची झेरॉक्स होत होत वाचता येईनासा होतो. नळीवरच्या खुणेचे स्टिकर संपतात आणि स्टोअरच्या मागणीपत्रकात ते कधी चढवलेलेच नसतात.

म्हणून चाचण्या संपवताना चार कंटाळवाणी कामं करून टाकायची. स्टिकर आणि फॉर्म स्टोअरच्या कायम यादीत घालायचे. संध्याकाळचं कार्ड हा नव्या निवासी डॉक्टरांच्या पहिल्या दिवसाच्या माहितीचा भाग करायचा. दर महिन्याला दहा फाइली बघायचं काम, नावानिशी नव्हे, पदानिशी नेमून द्यायचं. आणि जुनी वाट बंद करायची: जुनी डिस्चार्ज वही वॉर्डात राहिली तर थकलेला हात तिच्याकडेच जातो.

वरिष्ठांसाठी यातलं एकच काम उरतं, पण ते दर आठवड्याला करावं लागतं. वॉर्डातल्या फळ्यासमोर पंधरा मिनिटं उभं राहायचं, ठिपके बघायचे आणि विचारायचं, "माझ्या हातात असलेलं काय अडलंय?" उत्तर आलं की पुढच्या आठवड्यापर्यंत ते सोडवायचं. जेवणाच्या सुट्टीत बिलिंगची एक खिडकी चालू ठेवायला ड्यूटी बदलावी लागते, तो अधिकार वॉर्डाच्या सिस्टरकडे नसतो. तीन आठवडे तोच मुद्दा फळ्यावर तसाच राहिला तर चौथ्या आठवड्यात नवा मुद्दा कुणी सांगत नाही.

हे सगळं जमलं, तर कार्ड आदल्या संध्याकाळी तयार असतं, रिपोर्ट नऊला येतो, बिल अकराला निघतं. मग पेशंट पिशवी घेऊन लिफ्टजवळ थांबलेला दिसतो, कारण सगळे एकाच वेळी निघायला लागलेत आणि मजल्यावर व्हीलचेअर आहेत दोन. घड्याळ आणि कागद घेऊन आता तिथे उभं राहायचं.